रँग्लरचा पी०४५६ शोधायला १०० डॉलरचं स्मोक मशीन पुरतं का?

ऑनलाइन बाजारात १०० ते १५० डॉलरच्या दरम्यान डझनभर नावांनी जे १२ व्होल्टचं स्मोक मशीन मिळतं, ते आतून बहुतेक एकच असतं. पत्र्याचा डबा, तळाशी बेबी ऑइल, त्यात हीटिंग एलिमेंट, छोटा एअर पंप किंवा कंप्रेसरची नळी जोडायचं तोंड, पुढे एक प्रेशर गेज आणि एक फ्लो ट्यूब. बॅटरीला लाल-काळे चिमटे लावले की थोड्या वेळात नळीतून पांढरा दाट धूर यायला लागतो. इनटेकमधली हवेची गळती, फाटलेली व्हॅक्यूम होज, एक्झॉस्टची तडकलेली गॅस्केट यासाठी हे मशीन घ्यायला काहीच हरकत नाही. पैसे वसूल होतात.

प्रश्न आहे तो इव्हॅपचा, म्हणजे पेट्रोलची वाफ टाकीतच कोंडून ठेवणाऱ्या यंत्रणेचा. त्यातही जीप रँग्लर जेकेचा. २००७ ते २०१८ मधल्या या गाड्या अमेरिकेत अजून ढिगाने आहेत, बऱ्याचशा दगडधोंड्यांत आणि चिखलात जाऊन आलेल्या, आणि त्यांच्या डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवा लावणाऱ्या कोडांमध्ये पी०४५६ नेहमीचा पाहुणा. अर्थ एवढाच की यंत्रणेत कुठेतरी ०.०२० इंच, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या भोकाएवढी गळती आहे. गाडी चालायला काही फरक पडत नाही, बऱ्याचदा वासही येत नाही. पण न्यू जर्सीत दर दोन वर्षांनी होणाऱ्या तपासणीत हा दिवा पेटलेला असला की गाडी नापास. गॅरेजमध्ये नुसत्या निदानाचे साधारण १५० ते २०० डॉलर लागतात. तेवढ्यात मशीनच घरी येतं, म्हणून लोक ते मागवतात.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. अर्ध्या मिलिमीटरची गळती कुठे आहे हे हे मशीन दाखवू शकतं. गळती मुळात आहे की नाही, हे त्याच्या गेजवरून कळत नाही. जेकेवर ते डब्यातून काढलं तसंच लावलं, तर चांगला भाग खराब समजून बदलला जाण्याची शक्यता जास्त. वर २०-२५ डॉलरचं सामान जोडलं की मात्र काम चोख होतं.

पहिली अडचण दाबाची. इव्हॅपची चाचणी पाण्याच्या १३ इंच उंच स्तंभाएवढ्या दाबाला करतात, म्हणजे जेमतेम अर्धा पीएसआय. या मशीनचं गेज बहुधा १० किंवा २० पीएसआयपर्यंतचं असतं. त्यावर अर्धा पीएसआय म्हणजे काटा शून्याच्या खुंटीवरून हलला की नाही एवढाच फरक. वर काही मशीनं सहज दोन-तीन पीएसआय ढकलतात. टाकी, पंप मॉड्यूलचं सील, कॅनिस्टरवरचा (वाफ शोषून धरणाऱ्या कोळशाच्या डब्यावरचा) सेन्सर यांतलं काहीही त्या दाबासाठी बनवलेलं नाही. चांगलं सील त्याच दाबाने जागेवरून सरकतं आणि मग जी गळती सापडते ती आपणच केलेली असते. ‘टर्बो’ किंवा ‘हाय प्रेशर’ असं बटण असेल तर इव्हॅपच्या वाटेला ते कधीच लावू नये.

उपाय अगदी जुना आहे. हार्डवेअरच्या दुकानातून ६ मिमीची तीनेक मीटर पारदर्शक नळी आणायची, दोन्ही बाजू अर्ध्या मीटरच्या ठेवून इंग्रजी ‘यू’सारखी वाकवून फळीवर बांधायची, निम्म्यापर्यंत खाण्याचा रंग घातलेलं पाणी भरायचं आणि तिचं एक टोक टी-जोडाने मशीनच्या नळीवर बसवायचं. दोन बाजूंच्या पाण्याच्या पातळीतला फरक ३३ सेंटीमीटर झाला की १३ इंच दाब झाला. बारीक सुईचा व्हॉल्व्ह किंवा ०–१ पीएसआयचा रेग्युलेटर मध्ये टाकून तो तिथेच धरायचा. दाब चुकून वाढला तर पाणी नळीतून उडून जातं आणि जास्तीचा दाब आपोआप सुटतो, म्हणजे मापक आणि सेफ्टी व्हॉल्व्ह दोन्ही कामं एकाच नळीत. डिजिटल मॅनोमीटर असेल तर उत्तमच, पण ही सोय त्यात नाही.

दुसरं सामान म्हणजे मापातलं भोक. ७६ नंबरचं ड्रिल बिट बरोबर ०.०२० इंचांचं असतं. सर्किट बोर्डासाठी मिळणारं ०.५ मिमीचंही चालतं. प्लॅस्टिकच्या किंवा पितळेच्या बुचाला त्याने एक भोक पाडून ठेवायचं. महागड्या मशीनबरोबर हेच बुच ‘कॅलिब्रेटेड ओरिफिस’ म्हणून येतं. १३ इंच दाबाला त्यातून मिनिटाला साधारण अर्धा लिटर हवा जाते, आणि १ मिमीच्या भोकातून त्याच्या चौपट. स्वस्त मशीनच्या फ्लो ट्यूबमधली गोळी अर्ध्या लिटरला धड उचललीही जात नाही. त्यामुळे गोळीकडे बघून ‘सील आहे, गळती नाही’ असा निकाल देणं हा या मशीनबाबतचा सगळ्यात मोठा घोटाळा.

त्याऐवजी दाब किती वेगाने उतरतो ते मोजावं. चार दारांच्या जेकेची टाकी ८५ लिटरची. ती पाऊण भरलेली ठेवावी, म्हणजे वर वीसेक लिटरच मोकळी जागा उरते. ती भरायला वेळ कमी लागतो आणि दाबातला फरकही ठळक दिसतो. यंत्रणा १३ इंचांवर आणून मशीन बंद करायचं, चिमट्याने नळी दाबायची आणि पाण्याकडे बघत बसायचं. एवढ्या जागेत अर्ध्या मिलिमीटरची गळती असेल, तर हिशेबाने मिनिटभरात पाण्याचा फरक निम्म्यावर यायला हवा. हिशेबावर विश्वास नसेल तर तीच गाडी, तोच दाब, आणि यावेळी टी-जोडाच्या मोकळ्या तोंडाला आपलं भोक पाडलेलं बुच लावून पुन्हा वेळ घ्यावा. बुच लावल्यावर वेळ कितीतरी पटींनी घटला तर मूळ गळती किरकोळ किंवा नाहीच. वेळ जेमतेम निम्म्यावर आला, किंवा तेवढाही घटला नाही, तर भोक खरं आहे, धूर सोडायला घ्या.

ही मोजणी सकाळी, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर करावी. टाकीतलं पेट्रोल कोमट असेल तर त्याची वाफ होत राहते, पाणी उतरायच्या ऐवजी वर चढतं आणि गळकी यंत्रणाही घट्ट भासते. शिवाय रबरी ओ-रिंग थंडीत आकसतात. मिनेसोटासारख्या ठिकाणी जो कोड फक्त हिवाळ्यात येतो, तो दुपारच्या उन्हात गाडी उभी करून कधीच सापडणार नाही.

आता जेकेची खास भानगड. बऱ्याच गाड्यांत कॅनिस्टरच्या हवेच्या वाटेवर विजेवर चालणारा व्हेंट व्हॉल्व्ह असतो आणि धूर सोडण्याआधी स्कॅनरने तो बंद करायचा हुकूम द्यावा लागतो. जेकेत तो नाहीच. त्याऐवजी कॅनिस्टरवर ईएसआयएम नावाचा भाग बसवलेला असतो. त्यात दोन छोटी वजनं स्वतःच्या भाराने आपापल्या सीलवर बसतात, एक दाबाच्या बाजूसाठी आणि एक निर्वातासाठी, आणि एक पडदा पाण्याच्या साधारण १ इंच निर्वाताला स्विच लावतो. इंजिन बंद झालं, टाकी निवली, वाफ आकसली की आत आपोआप निर्वात तयार होतो. स्विच लागला तर गाडी स्वतःला पास करते. ठरलेल्या अटींमध्ये तो लागलाच नाही, तर पुढे थंड इंजिन सुरू झाल्यावर पर्ज व्हॉल्व्हमधून (टाकीतली वाफ इंजिनकडे सोडणाऱ्या झडपेतून) निर्वात ओढून, स्विच पुन्हा उघडायला किती वेळ लागतो त्यावरून गळतीचा आकार ठरवला जातो.

मशीनच्या दृष्टीने याचा परिणाम असा की आपण दाब दिला की दाबाच्या बाजूचं सील उचललं जातं आणि धूर ताज्या हवेच्या नळीतून, फिल्टरमधून, भसाभसा बाहेर येतो. ते बघून ‘ईएसआयएम गेला’ किंवा ‘कॅनिस्टर फुटला’ असं ठरवून लोक नवा भाग मागवतात. तो भाग त्याचं काम करतोय. चाचणीपुरती ती ताज्या हवेची नळी रबरी बुचाने बंद करायची, मगच वर सांगितलेली दाबाची मोजणी करायची आणि धूर सोडायचा. मशीनबरोबर आलेल्या पुस्तिकेत याचा उल्लेख शोधूनही सापडत नाही. सगळ्या गाड्यांसाठी एकच पान छापलेलं असतं. काम झाल्यावर ते बुच काढायला विसरू नये. राहून गेलं तर पुढच्या वेळी पेट्रोल भरताना पंपाचं नोझल दर दोन सेकंदांनी खट करून बंद पडतं.

धूर कुठून सोडायचा? इंजिनजवळ हिरव्या टोपणाचा सर्व्हिस पोर्ट असेल तर तिथून. टायरसारखाच व्हॉल्व्ह असतो, पण त्याच्या कोअरचे आटे उलटे, डावीकडचे. जोर लावून नेहमीच्या दिशेने फिरवला की तुटतो. पोर्ट नसेल तर पर्ज व्हॉल्व्हची कॅनिस्टरकडे जाणारी नळी काढून तिच्यात. पेट्रोल भरायच्या तोंडातून सोडायला सोबतचे रबरी शंकू कामाचे नाहीत, ते १३ इंचांनाही नीट धरत नाहीत; आणि तिथून सोडलं की मूळ झाकण चाचणीतून बाहेरच राहतं. नळीतून सोडताना आधी झाकण उघडं ठेवायचं, तोंडातून धूर दिसला की समजायचं सगळीकडे पोहोचला, मग झाकण लावायचं. कॅनिस्टरमधला कोळसा बराच धूर गिळतो, त्यामुळे १०-१५ मिनिटं लागतात. धीर धरावा, दाब वाढवू नये. बारीक भोकातून येणारा धूर म्हणजे अगरबत्तीची एक रेघ. दाब वाढवला की ती हवेत विरून जाते. पंखे बंद, गाडीखाली प्रखर टॉर्च तिरका धरायचा, मागे काळं कापड.

जेकेत कुठे बघायचं याचा क्रम गाडी कुठे फिरते त्यावर ठरतो. खडकाळ वाटांवर नेली जात असेल तर आधी कॅनिस्टर. तो खाली लोंबतो आणि दगडाला सापडतो. चार दारांच्या गाडीसाठी त्याच्या वेगळ्या स्किड प्लेट (खालून झाकणारी जाड पत्र्याची कवचं) विकल्या जातात त्या उगाच नाही. बाहेरून नुसता ओरखडा दिसतो, चीर मात्र नळी बसते त्या प्लॅस्टिकच्या मानेशी असते. चिखलात जाणारी गाडी असेल तर क्विक-कनेक्ट जोड: बारीक वाळू ओ-रिंगपाशी साचते आणि जोड एकदा काढून परत लावला की ती वाळू रबरावर चर पाडते. काढण्याआधी ब्रशने आणि पाण्याने धुवावं, लावताना ओ-रिंगला इंजिन ऑइलचा हात द्यावा. लिफ्ट (गाडी उंच करणारं किट) बसवलेली असेल तर भरण्याच्या तोंडाची रबरी होज आणि तिचे क्लॅम्प. बॉडी लिफ्टमध्ये ती ताणली जाते. आणि लांब आर्मच्या सस्पेन्शनसाठी कॅनिस्टर दुसरीकडे हलवला असेल तर तो उभाच बसवलाय ना ते पाहावं. ईएसआयएममधली वजनं गुरुत्वाकर्षणावर बसतात. तिरका बसवला तर कुठेही भोक नसताना पी०४५६ येत राहतो, आणि असल्या गाडीवर कितीही महाग स्मोक मशीन लावलं तरी धूर दिसणार नाही.

सगळ्यात त्रासाची जागा म्हणजे टाकीचा माथा, पंप मॉड्यूलच्या लॉक-रिंगखालचं सील. तिथे बघायला जेकेत फरशीत झाकण नाही. टाकी स्किड प्लेटसकट खाली घ्यावी लागते. ती उतरवण्याआधी फ्रेम आणि टाकीमधल्या फटीतून २०-३० डॉलरचा इन्स्पेक्शन कॅमेरा घालून धुराची रेघ दिसते का ते बघावं. इथे महागडी मशीनं पुढे जातात. त्यांच्या तेलात अल्ट्राव्हायोलेट डाय असतो, धूर गेला तरी भोकाच्या कडेला चमकणारा डाग उरतो. स्वस्त मशीनमध्ये साधं बेबी ऑइल, डाग वगैरे काही नाही. हाताला लागणाऱ्या जोडांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघणं हा त्यावरचा तोडगा, पण टाकीच्या माथ्यावर ब्रश पोहोचत नाही.

खरं तर मशीन बाहेर काढायच्या आधीच दोन गोष्टी उरकाव्यात. एक, झाकण. कुलूपवाली बाजारू झाकणं जेकेवर कायम तक्रार देतात. सीलवर बोट फिरवून चीर बघावी, शंका असेल तर सरळ मोपारचं (जीपच्या कंपनीच्याच सुट्या भागांच्या ब्रँडचं) नवं झाकण. दोन, पर्ज व्हॉल्व्ह. वीज नसताना तो बंद असायला हवा. हातपंपाने १५-२० इंच पाऱ्याचा निर्वात देऊन तो धरतो का पाहावं. पेट्रोल भरल्यावर लगेच गाडी सुरू व्हायला कुरकुरत असेल तर संशय आधी याच्यावरच घ्यावा. नळी काढून धूर सोडला की हा व्हॉल्व्ह चाचणीच्या बाहेर राहतो, हे मशीनवाल्यांच्या लक्षातच येत नाही.

आणि दाब धरून राहिला, धूर कुठेच नाही, व्हॉल्व्ह आणि झाकण ठीक, तरी कोड येतोय? मग ईएसआयएमच. धुळीने सील बसत नाही किंवा स्विच चिकटतो. कॅनिस्टरशी जोडणारी ओ-रिंग नवीन घालून तो बदलावा, आणि ताज्या हवेचा फिल्टर तेव्हाच साफ करावा.

सुरक्षिततेच्या बाबतीत हे मशीन काळजीत टाकतं. आत तापलेलं एलिमेंट, बाहेर ठिणगी पाडणारे चिमटे, आणि आपण ते पेट्रोलच्या वाफेला जोडतोय. साध्या हवेऐवजी नायट्रोजन वापरायचं कारण हेच. टाकीतली वाफ एरवी इतकी दाट असते की पेटत नाही. तिच्यात हवा मिसळत गेलं की प्रमाण पेटण्याजोगं होतं. बाहेरून हवा घ्यायचं तोंड असलेलंच मॉडेल घ्यावं, नायट्रोजनचा सिलिंडर भाड्याने मिळतो. आत पंप असलेलं मॉडेल इव्हॅपसाठी आम्ही सुचवणार नाही. चिमटे गाडीच्या बॅटरीला न लावता दूर ठेवलेल्या सुट्या बॅटरीला लावावेत, तेही नळी जोडायच्या आधी. आणि अमेरिकेतल्या घराला चिकटलेल्या गॅरेजमध्ये बऱ्याचदा गॅसचा वॉटर हीटर असतो, त्याची पायलट ज्योत सतत जळत असू शकते. हे काम बाहेर ड्राइव्हवेवर करायचं, फायर एक्स्टिंग्विशर हाताशी ठेवून.

गळती सापडली, भाग बदलला, कोड पुसला, की लगेच हिरवा कंदील मिळत नाही. गाडीची स्वतःची इव्हॅप चाचणी टाकी साधारण १५ ते ८५ टक्के भरलेली असताना, गाडी बराच वेळ थंड उभी राहिल्यावरच होते. रोज संध्याकाळी टाकी फुल करणाऱ्याच्या गाडीत ती आठवडाभरही होत नाही. कॅलिफोर्नियात २००० आणि त्यानंतरच्या पेट्रोल गाड्यांना स्मॉग तपासणीत फक्त इव्हॅपचा मॉनिटर (गाडीची ही स्वतःची चाचणी) अपूर्ण असला तर चालतो, म्हणून काही जण नुसता कोड पुसून रांगेत उभे राहतात. पण जुलै २०१९ पासून तिथे २०१० आणि त्यानंतरच्या बहुतेक गाड्यांचे परमनंट कोडही पाहतात, आणि ते स्कॅनरने पुसले जात नाहीत. पुसल्यानंतर १५ वॉर्म-अप (गार इंजिन सुरू होऊन तापण्याच्या फेऱ्या) आणि २०० मैल झाल्याशिवाय त्या कोडाकडे दुर्लक्ष केलं जात नाही. तोवर न दुरुस्त केलेला पी०४५६ बहुधा दिव्यासकट परत आलेला असतो.

महाराष्ट्रात हे मशीन घ्यावं का? पुण्याजवळ रांजणगावला २०२१ पासून जोडली जाणारी रँग्लर जेकेनंतरची, २ लिटर टर्बो पेट्रोलची. आपल्याकडच्या पीयूसीत धुराड्यातून येणारे वायूच मोजतात, टाकीच्या वाफेला कोणी विचारत नाही. त्यामुळे केवळ इव्हॅपसाठी घेण्यात अर्थ नाही. टर्बोच्या होज आणि इंटरकूलरची गळती शोधायला मात्र चांगलं.

मशीन टिकवायचं तर तेल पुस्तिकेत लिहिलंय तेवढंच भरावं. कोरडं चालवलं की एलिमेंट जळतं, जास्त भरलं की तेलाचे थेंब नळीतून थेट कॅनिस्टरच्या कोळशात जातात आणि तो कोळसा पुन्हा साफ होत नाही. वापर झाल्यावर नळी उंच टांगून निथळू द्यावी. सोबतच्या नळीचे क्लॅम्प पहिल्याच दिवशी बदलावेत. मशीनच गळत असेल तर वर सांगितलेल्या सगळ्या मोजणीचा काही उपयोग नाही. ते तपासायला बाहेर पडणाऱ्या नळीला बुच लावून पाण्याची पातळी पाच मिनिटं जागची हलत नाही ना एवढं पाहावं.